अर्ध्या पानाचं माकड

आपल्या मुलीला आलेल्या मागणीचं उत्तर घेऊन फमाऊ शेबवाना मोंबासाहून डियानीला निघाला, तेव्हा सोबत आलेली त्याची थोरली बहीण बी नुरू हिने त्याला तीनदा बजावलं.

"अरे फमाऊ, पत्र विहिणीच्या हातात पडेपर्यंत तुझ्या त्या पुस्तकाचं नावसुद्धा काढू नकोस."

मागणी पत्रानं येते आणि होकारही पत्रानंच जातो. तोंडानं 'हो' म्हटलं, तर मुलगी बापाला जड झाली असा अर्थ निघतो. फमाऊने शहाण्यासारखी मान डोलावली आणि लिकोनीची फेरीबोट पैलतीराला लागायच्या आत शेजारच्या दोन प्रवाशांना पुस्तक दाखवलं.

'मोंबासा शहर आणि भोवतालचे प्राणी'. यातलं शहर त्याच्या हाडीमाशी खिळलेलं होतं, कारण जुन्या गल्ल्यांतून पाहुण्यांना फिरवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. प्राणी मात्र त्याने हलव्याच्या दुकानात बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून लिहिले होते. तो स्वतः मांजरालाही वळसा घालून जायचा.

डियानीत ओसरीवर चटई अंथरलेली होती. गरम माहमरी, म्हणजे तळलेल्या गोडसर फुगऱ्या पुऱ्या, नारळाच्या दुधातल्या तुरी, आल्याची कॉफी. नवऱ्या मुलाची आई बी मिशी हसतमुखाने वाढत होती. मुलाच्या आजोबांनी, म्वाचिरोंनी, पाहुण्यांना बसायलाही दिलं नाही, आधी आतून फमाऊचं पुस्तक आणलं. पानं हाताळून हाताळून मऊ पडली होती.

"लेखकसाहेब, आमच्या घरी तुमचे पाय लागले!"

बी नुरूने कपाळाला हात लावला. फमाऊ फुलून गेला. त्या भरात त्याने मोगऱ्याच्या वासाच्या रुमालात बांधलेलं पत्र विहिणीच्या हाती देण्याऐवजी माहमरीच्या ताटात ठेवलं आणि सही करायला पेन काढलं.

तेवढ्यात आंब्यावरून काळ्या तोंडाचं एक माकड कठड्यावर उतरलं. बी मिशीने झाडू उचलला.

"खाली ठेव, सूनबाई!" आजोबा गरजले. "घरात लेखक बसलेत." त्यांनी सहावं प्रकरण उघडून मोठ्यानं वाचलं, "'माकडाच्या डोळ्यांत रोखून पाहावे. ते ओशाळते आणि निघून जाते.' दाखवा बघू, साहेब. मला काही जमत नाही."

फमाऊने पेनाला टोपण लावलं. पुस्तक छापताना सहाव्या प्रकरणाचं शेवटचं अर्धं पान कोरं राहिलं होतं. बरं दिसत नाही, काहीतरी लिहून द्या, असं छापखानेवाला म्हणाला होता. त्याने काहीतरी लिहून दिलं होतं.

आता माघार नव्हती. त्याने रोखून पाहिलं. माकडानेही रोखून पाहिलं. मग फमाऊवरची नजर न काढता त्याने एक माहमरी घेतली, दुसरी गालात कोंबली, आणि तिसरीऐवजी रुमाल उचलून ते आंब्यावर गेलं. तिथे त्याने गाठ सोडली, मोगरा हुंगला आणि पत्र सावकाश खाल्लं. काही तुकडे तुरीच्या वाडग्यात पडले.

"पत्रात काय होतं?" बी मिशीने विचारलं. आवाज बदलला होता.

"ते तोंडानं सांगत नाहीत, विहीणबाई," बी नुरू म्हणाली.

"मग कुणाला विचारू? झाडावरच्याला? वाचलंय फक्त त्यानं." तिने झाडू आपटला. "नकारच द्यायचा होता तर सरळ द्यायचा. असं पत्र खाण्याच्या ताटात कुणी ठेवतं का?"

जमलेलं लग्न फराळाच्या ताटात मोडत होतं. फमाऊ तोंड उघडणार, एवढ्यात आजोबांनी चष्मा काढला.

"सुनेच्या बोलण्याचा राग धरू नका. चूक माझीच आहे," ते हळूच म्हणाले. "तीन वर्षं झाली, रोज सकाळी मी याच्या डोळ्यांत बघतो आणि रोज हा माझी न्याहारी नेतो. मला वाटलं, आपल्याच नजरेत दम उरला नाही. दोनदा चष्मा बदलला. आज हा साहेबांपुढेही भ्याला नाही, म्हणजे मीच त्याला लाडावलंय."

फमाऊला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तीन वर्षं एक म्हातारा माणूस त्याच्या थापेपायी उपाशी बसत होता, आणि दोष स्वतःला देत होता. त्याची मान वर होईना.

"आजोबा," तो म्हणाला, "ते खोटं आहे. मी आयुष्यात माकडाजवळ गेलेलो नाही. अर्धं पान रिकामं होतं, म्हणून ते लिहिलं. मला लाज वाटते."

"आणि असला माणूस आमचा व्याही?" बी मिशी म्हणाली.

"व्हायचा की नाही, तेच तर पत्रात होतं," बी नुरू पुटपुटली.

आजोबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे माझे डोळे चांगले आहेत?"

"एकदम चांगले."

"ऐकलंस, सूनबाई?" त्यांनी पुस्तकाचं शेवटचं कोरं पान टर्रकन फाडलं आणि फमाऊपुढे ठेवलं. "लिहा परत."

फमाऊने एक ओळ लिहिली. बी नुरूने ती जपून विहिणीपुढे धरली. बी मिशीने वाचली, परत वाचली, आणि झाडू भिंतीला टेकवला.

"पोरगी अगदी तिच्या आज्जीच्या हातासारखा पुलाव करते, तेवढं लिहितो," फमाऊ उत्साहाने म्हणाला, "अजून बरीच जागा आहे."

आजोबांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे, व्याहीबुवा. बाकीचं पान कोरंच राहू दे."