मयेकर काकांची तीन भुतं

भुताची गोष्ट सुरू करण्याआधी वाऱ्याची दिशा सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे मयेकर काका. नवव्या मजल्याच्या बाल्कनीत उभं राहायचं, हनुवटी वर करायची आणि जाहीर करायचं, "वारा वायव्य, वेग मध्यम, समोरची पाण्याची टाकी अर्धी दिसते. रेकॉर्डवर नाही हां हे, पण ऐका." टाकीपर्यंतची माहिती रेकॉर्डवरची असते. रेकॉर्डवर नसतं ते पुढचं भूत.

आता दिल्लीच्या द्वारकेत वाऱ्याची दिशा कळून कोणाचं भलं होणार आहे, हे विचारायची सोय नाही. समुद्र इथून रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र लांब. पण काकांची सगळी नोकरी कोकण किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर झाली. त्यातली पहिली पाच वर्षं एका बेटावर, जिथे पावसाळ्याचे चार महिने होडीसुद्धा लागत नसे. काका दीपगृह म्हणत नाहीत. ते म्हणतात 'बत्ती'. "आमच्या बत्तीवर" असं म्हणाले की समजावं, पुढचा पाऊण तास गेला.

सहा वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि वैशाली, म्हणजे त्यांची मुलगी, त्यांना दिल्लीला घेऊन आली. ती गुडगावला एका कंपनीत आहे, जावई फिरतीवर. मी सरकारी अनुवादक. आमचे हे बदलीवर पानिपतला, शनिवारी येतात. मुलगा बंगळुरूला, तो दिवाळीला येतो. तेव्हा ऐकायला वेळ आणि सांगायला वेळ, दोन्ही एकाच जिन्यावर आठव्या आणि नवव्या मजल्यावर राहत होते.

काकांचं वेळापत्रक उलटं आहे. सूर्य उगवला की ते घरातले सगळे पडदे ओढून घेतात आणि मावळला की उघडतात. वैशाली वैतागते, "बाबा, लोक उलट करतात." पण बत्तीवर तसंच असे. दिव्याभोवतीचं ते मोठं भिंग दिवसा पडद्यात ठेवावं लागतं, नाहीतर उन्हाचा झोत एका जागी पडून आग लागायची. वैशालीच्या घरात भिंग म्हणून काय ते काकांच्या चष्म्याचं. तरी पडदे बंद.

दिवाळीनंतर दिल्लीत धूर साचतो आणि टाकी दिसेनाशी होते, तेव्हा काका फार अस्वस्थ होतात. एका वर्षी सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी रीतसर सूचना मांडली की गच्चीवर एक भोंगा बसवावा आणि दर दोन मिनिटांनी वाजवावा, म्हणजे येणाऱ्यांना कळेल इथे इमारत आहे. सेक्रेटरी खुराना हात जोडून म्हणाले, "अंकलजी, हॉर्न तो वैसे भी सारी दिल्ली बजा रही है." काका म्हणाले, "हां, लेकिन टाइम से नहीं."

एकदा मी त्यांना करोल बागला घेऊन गेले. त्यांना पितळ घासायचं खास पॉलिश हवं होतं. घरात पितळेचा एक तांब्या आणि एक समई, पण काकांना पॉलिश डब्याने लागतं. मी समोर दुपट्टे बघत होते तेवढ्यात ते गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात शिरले आणि हेडलाइट हातात घेऊन दुकानदाराला विचारू लागले, "ये कितने मील से दिखता है?" तो म्हणाला, "अंकलजी, सामनेवाले को अंधा कर देगा, और क्या चाहिए?" काकांनी तो दिवा असा खाली ठेवला जणू त्याला वास येत होता. परतीच्या मेट्रोत मला सांगत होते, बत्ती कोणाला आंधळं करायला नसते. पाऱ्यावर तरंगणारं ते भिंग, कित्येक मणांचं, एका बोटाने फिरायचं. फ्रान्सहून गवतात बांधून आणलेलं. खोक्यांची होडी उलटू नये म्हणून खाली उतरून पोहत आलेले गाबित मच्छीमार. हे सगळं रेकॉर्डवर आहे म्हणाले. शेजारच्या बाईंना मराठी येत नव्हतं, तरी ऐकता ऐकता त्या आपलं स्टेशन सोडून दोन स्टेशनं पुढे गेल्या.

पण खरी मजा भुतांची. भुतं तीन. पहिला साहेब. बत्ती बांधताना तापाने गेलेला गोरा इंजिनिअर. तो क्वार्टरच्या ओसरीवर फेऱ्या मारतो आणि पांढऱ्या हातमोज्याचं बोट खिडकीवरून फिरवून धूळ बघतो. दुसरा तेलवाला, दिवा तेलावर चालायचा तेव्हाचा. तो खालच्या गोदामात डबे सरकवतो. तिसरा एक बुडालेला खलाशी. तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन, कुठल्याशा परक्या भाषेत, फक्त किती वाजले एवढंच विचारतो.

"परकी भाषा, तर तो वेळ विचारतोय हे कसं कळलं?" मी एकदा विचारलं.

"मनगटावर बोट ठेवायचा ना," काका म्हणाले. "तुम्ही अनुवादक ना, एवढं नाही कळलं?"

या तिघांना एक नियम मात्र कडक. जिना चढायची परवानगी नाही. एकशे छप्पन्न पायऱ्या, गोल अंधारा जिना. भुताला याहून चांगली जागा कुठली? पण काकांची भुतं खालीच. मला हा त्यांच्यावर अन्याय वाटायचा. एकदा तसं म्हटलं तर काका तुटकपणे म्हणाले, "नाही. जिन्यात कोणी नाही." आणि लगेच वारा बघायला गेले.

दुसऱ्यांच्या भुतांना ते मान देत नसत. मराठी मंडळाची सहल पानिपतला गेली होती. तिथे एका हौशी माणसाने सांगितलं की इथे अजून घोड्यांच्या टापा ऐकू येतात. काकांनी त्याची उलटतपासणी घेतली. वारा कुठला होता? नोंद कोणी केली? तो बिचारा म्हणाला, "बस जी, लोग बोलते हैं." काका आमच्याकडे वळून म्हणाले, "इथे कोणी थांबलेलं नाही. एवढे लांब आलेले लोक, मेल्यावर घराकडेच गेले असणार." बसमध्ये मग बराच वेळ कोणी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या नाहीत.

एवढी भुतं, एवढा इतिहास, पण काकूंबद्दल चकार शब्द नाही. मी समजून चालले होते की काही माणसांचा संसार तसाच असतो.

यंदा मार्चमध्ये त्यांच्या जुन्या खात्यातून फोन आला. बेटावरची ती बत्ती आता पर्यटकांसाठी उघडणार होती. खालच्या क्वार्टरमध्ये एक छोटं संग्रहालय होणार होतं आणि तिथे जुन्या माणसांच्या आठवणी भिंतीवर लावणार होते. त्यासाठी एक अधिकारी घरी येऊन रेकॉर्डिंग करणार. फोनवरच्या मुलीने सहज विचारलं, "सर, वहाँ की कोई भूत-वूत की कहानी है क्या? लोगों को बहुत पसंद आती है."

काका त्या दिवशी लिफ्टची वाट न बघता खाली आले. दारातच म्हणाले, "माझी तिन्ही माणसं भिंतीवर लागणार."

खोटं कशाला बोलू, त्यांच्याइतकीच मीही हुरळले. अठ्ठावीस वर्षं मी परिपत्रकं अनुवादली. ती कोणी वाचत नाही, लिहिणाराही नाही. आता माझा मजकूर भिंतीवर लागणार होता, लोक त्याच्यासमोर फोटो काढणार होते. मी काकांना म्हटलं, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही मजकूर मी तयार करते. दोन आठवडे आम्ही रोज बसलो. अडचण एवढीच की माझ्या हिंदीला सरकारी वळण पडलेलं. 'ओसरीवर फेऱ्या मारणारा साहेब' हा माझ्या हातून 'बरामदे में आवागमन करते हुए दिवंगत अभियंता' झाला. काकांनी वाचून विचारलं, "हा घाबरवणार आहे की रजा मंजूर करणार आहे?" मी पुन्हा लिहिलं. वैशाली म्हणाली, खूप वर्षांनी बाबा जेवताना बोलतायत.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. दुपारी दोनला फोनवरची तीच मुलगी आली. पाटण्याची, पंचविशीची, अगदी चुणचुणीत. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि भर दुपारी पडदे उघडले होते. तिने मोबाइल तिकाटण्यावर बसवला, लाल ठिपका लागला.

"सर, ये सब रिकॉर्ड पर जाएगा. आप जो बोलेंगे, आपके नाम से वही लगेगा. तो बताइए, वो भूत आपने खुद देखे थे?"

काका लाल ठिपक्याकडे बघत राहिले. मी कागद धरून पुढे सरसावले, वाटलं सुरुवात विसरले. मी हळूच म्हटलं, "साहेब, ओसरीवर..."

"नहीं देखा," काका म्हणाले.

"आवाज़ तो सुनी होगी?"

"नहीं. वहाँ कोई भूत नहीं था."

ती माझ्याकडे बघू लागली, मी काकांकडे. मला खरं सांगायचं तर रागच आला. दोन आठवडे, तीन भाषा, अर्धी रजा!

"काका, अहो, आत्ता कुठे सगळं..."

"रेकॉर्डवर आहे ना हे," काका म्हणाले. "बत्तीच्या वहीत जे डोळ्यांनी दिसलं नाही ते कधी लिहिलं नाही मी. लांबून एक दिवा दिसला तर दिवा लिहायचं. जहाज लिहायचं नाही. उगाच कोणाचा तरी जीव जातो."

मग त्यांची हिंदी संपली. पुढचं ते मराठीत, माझ्याकडे बघून बोलले आणि मी त्या मुलीसाठी अनुवाद करत गेले. लग्न होऊन महिना झालेला. बेटावर दोन कीपर. पहिली पाळी दुसऱ्याची, मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंतची यांची. बायको खाली क्वार्टरमध्ये झोपलेली आणि हे एकशे छप्पन्न पायऱ्या वर, एकटे. चहूकडे काळं पाणी.

"मला फार भीती वाटायची हो," काका म्हणाले. "भुताची नाही. नुसतीच. पण चोवीस वर्षांचा पुरुष, सरकारी नोकरी, बायकोला कसं सांगणार? म्हणून तिला म्हटलं, खाली साहेब फिरतो. एकटी राहू नकोस, वर येऊन बसत जा. ती यायला लागली. थोड्या दिवसांनी मला वाटलं, हिची भीती गेली तर? म्हणून तेलवाला काढला. मग खलाशी."

माझ्या तोंडून तो प्रश्न आपोआप निघाला. "आणि जिना?"

"जिन्यात कोणाला ठेवलं असतं तर ती वर कशी आली असती?"

हे मला त्या मुलीला हिंदीत सांगायचं होतं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मला क्रियापद सापडेना. मी दोनदा सुरुवात केली. तिला बहुधा कळलं होतं, ती मान हलवत राहिली.

"आंटी को कभी पता चला?" तिने विचारलं.

"तिला?" काका हसले. "तिला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. ती मच्छीमाराची पोर, लहानपणापासून अंधारात जाळी ओढलेली. ती कसली घाबरते. मला म्हणाली ते पाच वर्षांनी, वैशाली झाल्यावर. तोवर रोज घाबरून वर येत होती. येताना चहा आणायची."

ठिपका बंद झाला. मुलीने सामान आवरलं. भुतांशिवाय या आठवणीचं काय करायचं, ते ऑफिसातल्या साहेबांना विचारावं लागेल म्हणाली. बहुतेक लागणार नाही, हे तिघांनाही कळलं. निघताना ती काकांच्या पाया पडली. ते तिच्या कामात बसत नसावं.

माझ्या हातात तीन भाषांतली तीन भुतं तशीच होती. मी ती घडी करून पर्समध्ये ठेवली. काका खुर्चीतच बसून होते. आज बाल्कनीत गेले नाहीत, वारा सांगितला नाही. मला इतकं वाईट वाटत होतं की रागाची लाजच वाटली. इतकी वर्षं हा माणूस मला वर बोलावत होता आणि मी समजत होते की मी गोष्टी ऐकायला येते.

"बरंय," काका म्हणाले. "तुमची अर्धी रजा फुकट घालवली मी. या तुम्ही, कामं असतील."

मी दारापर्यंत गेले. दुपारचे साडेतीन वाजले होते. खाली पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळत होती, कोणीतरी आउट झाल्यावरून भांडण चाललं होतं, आमच्या मजल्यावर कोणाचा तरी मिक्सर फिरत होता. मी परत फिरले.

"काका, मी बसू का थोडा वेळ? खाली घरात एकटीला भीती वाटते."

काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बसा की," ते म्हणाले. "वैशालीला यायला रोज सात वाजतात."

आणि चहा टाकायला आत गेले.