कौस्तुभच्या पार्सलचा वास

दुसरा डोस घेतला त्याच दिवशी गुरुदासने मास्क खुंटीला टांगला. पावसाळा संपला की छत्री टांगतात, तसा. "आता तो करोना माका बघून वाट बदलतलो," असं त्याने पत्ते खेळायला जमलेल्या मंडळींना सांगितलं. मंडळी म्हणजे सुक्या मासळीचा व्यापारी मुख्तार आणि रिक्षावाला बाबली. त्यांचेही दोन-दोन डोस झाले होते. मुख्तार मास्क लावायचा, पण हनुवटीला. दाढीला थंडी वाजते म्हणायचा.

घरात चौथं माणूस मामी. म्हणजे गुरुदासची सासू, वय चौऱ्याऐंशी. गुरुदासची बायको मथुरा मे महिन्यात करोनाने गेली आणि गावात लस आली जूनमध्ये. त्यानंतर मामीला बघणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून गुरुदासने तिला आपल्या घरी आणलं. रोज सकाळी तो तिला पेज करून द्यायचा. मामीने मात्र लस घेतली नव्हती. उपकेंद्रातली नर्स तन्वी चार वेळा येऊन गेली. मामी दर वेळी आपल्या मुलीचं, मथुराचं नाव पुढे करायची. "माझ्या चेडवाक मेळाक नाय, मग माका कित्याक होयी?" तन्वी पिशवी उचलून पुढच्या घरी जायची.

जानेवारीत परत रुग्ण वाढायला लागले. तन्वीने गुरुदासला बजावलं. ड्युटीवर असली की ती शाळेतल्या पुस्तकासारखी बोलायची. "लस घेतलीय म्हणून तुम्हाला बहुतेक जड जाणार नाही. पण तुमच्याकडून मामींना होऊ शकतो. त्यांच्याजवळ जाताना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा." गुरुदासने मान हलवली आणि थंडी येते म्हणून खिडकी लावून घेतली.

बुधवारी सकाळी त्याला शिंका सुरू झाल्या. एक, दोन, पाच. मामीला पेज भरवताना सहावी आली आणि ती थेट वाडग्यात गेली. मामी म्हणाली, मीठ बरोबर झालंय. गुरुदासने मात्र वाडगा बाजूला ठेवला. वास गेला की समजायचं, असं त्याने ऐकलं होतं. तेव्हा नाक तपासायला हवं. आता मालवणच्या माणसाने नाक तपासायचं तर ते सुक्या बांगड्यावर. उदबत्तीचा वास काय, कोणालाही येतो.

घरात सुका बांगडा एकाच ठिकाणी होता. फळीवर, कौस्तुभच्या पार्सलात. मुंबईला मुलाकडे पाठवायला मथुराने ते एप्रिलात बांधून ठेवलं होतं. वर तिच्या हाताने लिहिलेलं, "कौस्तुभ. सुके बांगडे. उन्हात दाखव." मग ती आजारी पडली आणि पार्सल राहिलं. गुरुदास त्याच्यावरची धूळ पुसायचा. पण ते पाठवायला त्याचा हात होत नव्हता आणि उघडायलाही. तिने मारलेली गाठ होती ती.

त्याने पार्सल उतरवलं, नाकाला लावलं आणि जोरात श्वास घेतला.

काहीच नाही. फिरवून दुसऱ्या बाजूने हुंगलं. नुसतं कापड.

सहाव्या शिंकेचा वाडगा त्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याने बाहेरूनच मामीच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि अंगणात जाऊन माडाखाली बसला. मामी खिडकीतून विचारायला लागली, गुरुदासा, खुळावलंस काय. तो म्हणाला, "मामी, तुम्ही भायर येव नकात. माका झालो."

एवढ्यात मुख्तार आला. गुरुदासने त्याला लांबच उभं केलं आणि पार्सल मधल्या बुटक्या दगडी गडग्यावर ठेवून मागे सरकला. मुख्तारचं नाक म्हणजे बाजारात शेवटचा शब्द. दहा पावलांवरून बांगडा यंदाचा की गेल्या सालचा ते सांगायचा. त्याने पार्सल उचललं, डोळे मिटले आणि हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. मग हळूच दुसऱ्या माडाखाली जाऊन बसला.

"भावा, माकाय येणा नाय."

आता शंकाच उरली नाही. काल तिघं दार लावून तीन तास खेळले होते. बाबलीला फोन गेला. बाबली रिक्षा सोडून धावत आला, पार्सल हुंगलं आणि तिसरा माड धरला. बाबलीच्या रिक्षात सकाळी बसलेले चौघे आले. त्यांनी हुंगलं. त्यांच्या घरची माणसं आली. त्यांनीही हुंगलं. बारा वाजेपर्यंत अंगणातले माड संपले आणि शेवटचे दोघे फणसाखाली बसले. कोणाच्याही नाकाला वास नव्हता. मुख्तारला बायकोचा फोन आला. तो तिला म्हणाला, दुकान सांभाळ, बोंबील उधारीवर देऊ नको.

तन्वी तपासणीच्या काड्या घेऊन आली तेव्हा पार्सल अकराव्या माणसाच्या हातात होतं. ती फाटकातच थांबली.

"सगळ्यांनी हे एकच हुंगलं?"

"होय," गुरुदास म्हणाला.

"मास्क काढून?"

"मास्क लावून वास कसो येतलो?"

यावर तन्वी पुस्तकी मराठी विसरली. तिने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बाबलीने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. एकाचा आजार दहांना द्यायची याहून चांगली रीत तिने पाहिली नव्हती. मग तिने एकेकाच्या नाकात काडी घातली. मामीला खिडकीपाशी बोलावून तिचीही तपासणी केली.

पंधरा मिनिटं थांबायचं होतं. गुरुदासने त्या पंधरा मिनिटांत कोणाकडे पाहिलं नाही. मे महिन्यात मथुरासाठी तो असाच इस्पितळातल्या एका बाकावर बसला होता.

तन्वीने एकेक पट्टी बघितली. मामी निगेटिव्ह. गुरुदास निगेटिव्ह, साधी सर्दी. मुख्तार, बाबली, रिक्षातले, सगळे निगेटिव्ह. गुरुदासने माडाला पाठ टेकली आणि तोंडावरून हात फिरवला.

"मग वास गेलो खंय?" मुख्तारने विचारलं. त्याच्या धंद्याचा प्रश्न होता.

मामी खिडकीतून हसायला लागली. "अरे गुरुदासा, तुका मुंबयच्या बसीतसून खारेपाटणाक उतरवल्यान, ता इसारलंस? बांगड्याच्या वासान?"

गुरुदासला आठवलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कंडक्टरने दोघांना पार्सलासकट रस्त्यावर उतरवलं होतं. मथुरा तेव्हा म्हणाली होती, आता असं बांधीन की कंडक्टर त्याच्यावर डोकं ठेवून झोपेल. आणि तसंच बांधत आली होती.

"सोड ती गाठ," मामी म्हणाली. "ता खावक बांधलेला, पुजूक न्हय."

गुरुदासने गाठ सोडली. थोडा वेळ लागला. आत जुन्या लुगड्याचं कापड, त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी, मग दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, एकात एक सहा. सहावी फुटली मात्र, नऊ महिने कोंडलेला बांगडा अंगणभर सुटला. मुख्तारचा मास्क वर्षात पहिल्यांदा हनुवटीवरून नाकावर गेला. फणसाखालचे दोघे फाटकाबाहेर गेले. गुरुदास तिथेच बसून राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बांगडा झोंबतो, असं तो म्हणाला, आणि कोणी वाद घातला नाही.

त्या दिवशी मामीने दोन बांगडे भाजून खाल्ले आणि अट घातली. हा मास्क लावील तर मी सुई घेईन. गुरुवारी शाळेतल्या लसीच्या शिबिरात तिने दंड पुढे केला. खुंटीवरचा मास्क गुरुदासच्या तोंडावर आला तो नीट, नाक झाकून.

उरलेले बांगडे त्याने स्वतः बांधले, तश्शाच सहा पिशव्यांत, आणि मामीला मुख्तारच्या बायकोवर सोपवून शनिवारी सकाळी स्वतःच कौस्तुभकडे निघाला. दुपारी मामीला त्याचा फोन आला. कंडक्टरने त्याला खारेपाटणला उतरवलं होतं.

"इतको वास येईसर तुका कळाक नाय?" मामीने विचारलं.

"कळतला कसा?" गुरुदास म्हणाला. "मी मास्क लावलेलंय."