हौसाच्या चकलीचं गाणं

बहिणीला भेट द्यावी तर ती माझ्यासारख्या भावाने, असं मी अख्ख्या जिते गावाला सांगून ठेवलं होतं. साडी काय, कोणीही देतो! मिक्सर तर दुकानदारच गळ्यात मारतो! माझी धाकटी बहीण हौसा रोह्याला दिलेली. दिवाळीच्या तोंडावर ती फराळाचं दुकान उघडणार होती आणि मी तिला चक्क गाणं देणार होतो. तिच्या नावाचं, खास करून घेतलेलं!

आमच्या पेणच्या बाजूला हळदीला, क्रिकेटच्या सामन्यांना, अगदी शर्यतीच्या बैलालासुद्धा नावानिशी गाणं करून मिळतं. करणारा मिथुन. त्याने विचारलं, "नाव कुठलं घालू?"

"हौसा!" मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

गाणं मात्र फक्कड झालं. 'हौसाची चकली गो हौसाची चकली, खाऊन सासूबाय हसाया लागली!' एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी मी भोंगा लावलेली रिक्षा घेऊन रोहा पिंजून काढलं. माणसं दारात येऊन विचारत होती, "कुठंशी हाय वो ह्या हौसाचं दुकान?" मी हात करायचो, "एसटी स्टँडच्या मागं!" माणसं त्या बाजूला निघायची. मी मनात म्हटलं, आज चकली पुरत नाही!

दुपारी दुकानावर आलो तर शुकशुकाट. चकल्यांचे डबे काठोकाठ भरलेले. हौसा मागच्या खोलीत कढईपाशी होती आणि तिथल्या पंख्याच्या घरघरीत तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. गल्ल्यावर तिची सासू, धोंडुबाई, एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून बसली होती.

"मावशी, गिऱ्हाईक नाय आलं?"

"आलं की! सकाळपासून रीघ लागलीय. जो तो इचारतो, हौसाचं दुकान ह्याच काय? मी सांगितलं, हितं कोण हौसा नाय!"

"अवो पण मावशी, हौसा म्हणजे आपलीच..."

"म्हायती हाय मला! पण लग्नात तांदळाच्या ताटात नाव लिवलं ता मनस्वी. मीच निवडलेलं. भायेर पाटीवर पण मनस्वी. मी खोटं कशाला बोलू?"

पाटी मी वाचली होती. 'मनस्वी फराळ केंद्र'. पण इतक्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडात कधी आलंच नव्हतं. आमच्या घरी ती हौसाच!

एवढ्यात हौसा हात पुसत बाहेर आली आणि भरलेले डबे बघून मटकन बसली. "दादा, मी घरात सगळ्यांना सांगून बसलेय, ही दिवाळी चालली तरच दुकान ठेवीन. नायतर गपचूप शटर लावीन. ह्या चकल्या मऊ पडल्या म्हंजे झालं!" तिचे डोळे भरून आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मिथुनला फोन लावला. "अरे, हौसा काढून मनस्वी टाक!"

"चालीत बसत नाय ता, दादा! आन् मी आता शर्यतीवर हाय, बैलाचं गाणं लावलंय." फोन बंद!

मग मीच माइक हातात घेतला आणि रिक्षा पुन्हा गावभर फिरवली. गाणं 'हौसाची चकली' म्हणालं की मी ओरडायचो, "प्रविणरावांची मनस्वी!" पुन्हा गाणं, "हौसाची!" पुन्हा मी, "प्रविणरावांची मनस्वी!" प्रविण म्हणजे आमचे मेहुणे, कंपनीत शिफ्टला असतात. ओळखीचं नाव घेतलं की लोकांना पत्ता सापडेल, हा माझा हिशोब.

चहाच्या वेळेपर्यंत रोह्याने ठरवून टाकलं की प्रविणला दोन बायका आहेत आणि दोघी एकाच दुकानात बसतात!

बघायला हीऽ गर्दी लोटली. नुसतं डोकावणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येकजण काही ना काही घेऊ लागला. चकली बांधून होईपर्यंत मान लांब करून विचारणार, "दुसरी आतमधी हाय काय गो?"

"आवो, मीच हाय दोघी!" हौसा ओरडत होती. कोणाचा विश्वास बसेल तर शपथ! उलट एक बाई तिची समजूत घालून गेली आणि जाताना करंज्याही घेऊन गेली.

तेवढ्यात प्रविणराव शिफ्ट अर्धी टाकून, डोक्यावर कंपनीचं हेल्मेट तसंच ठेवून धावत आले. "दुसरी कधी केलीस, असं मला आख्खा डिपार्टमेंट इचारतोय!" त्यांचा आरडाओरडा ऐकून गर्दी आणखी वाढली.

दिवेलागणीला डब्यांच्या तळाशी फक्त चुरा उरला. हौसा हसून हसून रडत होती. "दुकान ऱ्हायलं, दादा! आन् इकडं आल्यापासून हौसा म्हणून हाक आजच ऐकली रे. लय बरं वाटलं." मलाही भरून आलं. प्रविणराव सोडून सगळे खुश होते.

निघताना धोंडुबाईंनी मला बाजूला घेतलं. आता शिव्या पडणार, म्हणून मी मान खाली घातली.

"तो गाणंवाला... म्हातारीचं करंल काय रे?"

"करंल की! धोंडुबाई नाव घालायला सांगू ना?"

"नको!" त्यांनी सून बघत नाही ना, याची खात्री करून घेतली. "चंद्रावती घाल. म्हायेरचं नाव माझं. हितं सासूचं पण ताच होतं, म्हणून माझं बदललं."

"बरं. मग आणतो रिक्षा, दुकानासमोरच वाजवू!"

"हितं नको, निडीला वाजव, माझ्या भावाच्या दारात." पदर सारखा करत त्या गल्ल्याकडे वळल्या. "हितं कोण चंद्रावती नाय."