एक किलो एकशे चाळीस ग्रॅम वाचन

पुस्तक वाचणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असा एक गैरसमज समाजात फार काळ पसरलेला होता. तो आता दूर झाला आहे. वाचलेलं पुस्तक चार लोकांना सांगितल्याशिवाय ते वाचलं असं धरता येत नाही, आणि एकदा सांगून झाल्यावर ते वाचायची फारशी निकड राहत नाही, हे आधुनिक शास्त्राने (म्हणजे तीन दिवसांच्या एका प्रशिक्षणाने) सिद्ध केलं आहे.

ते प्रशिक्षण घेऊन वजनमापे तपासणी कार्यालयाचे साहेब परतले. दुकानदारांचे तराजू तपासायचे, बरोबर निघाले तर तार ओवून शिशाची मोहोर लावायची, एवढं काम तेवीस माणसं तिथे वर्षानुवर्षं करत होती आणि आपलं काही चुकतंय अशी शंका कुणाला आलेली नव्हती. साहेबांनी आल्या आल्या परिपत्रक काढलं. नाव होतं ‘वाचन-सामायिकीकरण उपक्रम’. दर सोमवारी साडेदहाला प्रत्येकाने उभं राहायचं, सध्या कोणतं पुस्तक वाचत आहोत आणि त्याचा आनंद कसा घेत आहोत हे दोन मिनिटांत सांगायचं, आणि नोंदवहीत सही करायची. नोंदवहीतल्या ‘आवडले का’ या रकान्यात ‘हो’ आधीच छापून घेतलं होतं. त्यामुळे बराच वेळ वाचला.

वाचन मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र होता. पानं मोजावीत तर कुणाची अक्षरं मोठी, कुणाची बारीक. पण कार्यालयात पितळी वजनं होतीच, म्हणून वाचन किलोत मोजायचं ठरलं. पहिल्या सहा महिन्यांत कार्यालयाने चारशे बारा किलो वाचन केलं, म्हणजे दरडोई जवळजवळ अठरा किलो. कार्यालयाच्या कपाटातली सगळी चौसष्ट पुस्तकं मिळून एकतीस किलो भरतात आणि त्या कपाटाची किल्ली या काळात एकाच माणसाने मागितली होती. पण मनात आणलं की अशा अडचणींवर मात करता येते.

किल्ली मागणारा माणूस आवक टेबलावर बसायचा. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा, रजिस्टरात लिहायचं, हे काम सव्वीस वर्षं केल्यामुळे लोक त्यांना आवकराव म्हणत. नाव अगदी चपखल होतं. त्यांच्या स्वभावातच आवक होती, जावक नव्हती. ऐकलेलं, पाहिलेलं, वाचलेलं सगळं आत जायचं आणि तिथेच राहायचं. शेजारच्या टेबलावरून कागद बाहेर पाठवणाऱ्या बाई जावकताई. त्यांच्याशीसुद्धा आवकरावांचं दिवसभरात ‘पंखा कमी करू का?’ याच्या पुढे बोलणं होत नसे.

जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की आवकराव तडकलेल्या काचेच्या खिडकीशी बसून वाचत. एक जाडजूड कादंबरी, सहाशे दहा पानांची. कपाटातलं पुस्तक घरी न्यायची परवानगी नसल्याने रोज तीन-साडेतीन पानं व्हायची. कादंबरीत एक घड्याळं दुरुस्त करणारा होता आणि त्याची थोरली बहीण. शहाण्णवाव्या पानावर ती बहीण पायात चपला सरकवून ‘आलेच’ म्हणून बाहेर पडली होती. आवकराव आठ महिन्यांत पाचशे सत्तराव्या पानावर पोचले, तरी तिचा पत्ता नव्हता. आवकरावांना तिची काळजी लागून राहिली होती. एकदा तर घरी बायकोने ‘आलेच हं’ म्हणून दळणाचा डबा उचलला, तेव्हा हे तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले.

‘काय हो?’ बायको म्हणाली.

‘काही नाही. ये लवकर.’

सोमवारी मात्र त्यांची पंचाईत व्हायची. ते उभे राहत, ‘तेच पुस्तक. चांगलं आहे,’ म्हणत आणि खाली बसत. इतिवृत्तात ‘प्रगती नाही’ अशी नोंद होई. बाकीचे बावीस जण दर आठवड्याला नवं पुस्तक आणत, म्हणजे त्याच्या मलपृष्ठाचा फोटो आणत. पुढे पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की, आवकरावांच्या टेबलावर पडलेलं पुस्तक भलतंच जड आहे. वजन केलं, एक किलो एकशे चाळीस ग्रॅम भरलं. एवढं वजन एका दमात खात्यावर पडत असेल तर कोण सोडतो? दोन महिन्यांत सतरा जणांनी ते वाचून काढलं. (पुस्तक या काळात आवकरावांच्या टेबलावरून हललं नाही.)

इतक्या लोकांनी वाचलेलं पुस्तक कुणाच्या टेबलावर धूळ खात पडणं बरं दिसेना. साहेबांनी दर्शनी भागात काचेचं कपाट करून घेतलं, वर ‘आमचे सर्वाधिक वाचलेले पुस्तक’ अशी पाटी लावली आणि ते आत उभं केलं. ते कुणी वाचायला वगैरे नेऊ नये म्हणून कडीला तार ओवून शिशाची मोहोर लावली. मोहोर तोडणं हा गुन्हा आहे, हे त्या कार्यालयाइतकं कुणाला ठाऊक असणार? आवकरावांची चाळीस पानं राहिली होती.

चार दिवस ते सुट्टीत काचेपुढे उभे राहिले. साहेबांनी ‘पुस्तकप्रेम’ म्हणून त्यांचा पाठमोरा फोटो वरिष्ठांना पाठवला. पाचव्या दिवशी सव्वीस वर्षांचा संकोच गिळून आवकरावांनी वाचलेल्यांनाच विचारायचं ठरवलं. थोरली बहीण शेवटी परत येते का, एवढंच. उत्तरं अशी मिळाली:

हेडक्लार्क: ‘बहीण हे प्रतीक आहे. प्रतीकं परत येत नसतात.’

स्टेनोबाई: ‘येते. पण ती ती राहिलेली नसते.’

भांडारपाल: ‘मी दीडपट वेगात ऐकलं. बहीण असेल, पण निघून गेली असेल.’

एक निरीक्षक: ‘शेवटच तर खरा आहे हो. सांगून मजा घालवत नाही.’

साहेब: ‘तुम्हाला काय वाटतं, ते महत्त्वाचं.’

आवकराव हात टेकून जागेवर आले. जावकताईंनी सगळं ऐकलं होतं. उपक्रमाचं परिपत्रक प्रत्यक्ष वाचलेल्या त्या कार्यालयातल्या एकट्याच. सोबत जोडपत्रं आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय त्या कागद सोडत नसत.

‘नियम नऊ बघा,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘मोडक्या खुर्च्यांच्या नियमांवरून उतरवलेत सगळे, त्यात तो काढायचा राहून गेलाय. निरुपयोगी ठरलेली वस्तू मोहोर काढून रद्दीत द्यायची. कुणीतरी कारणं देऊन तसं म्हणायला हवं फक्त.’

‘म्हणजे मी ते वाईट आहे म्हणू?’

‘दोन मिनिटं.’

‘मला नाही जमायचं हो. पाप लागेल.’

‘मग राहिली ती बहीण बाहेरच.’

त्या सोमवारी आवकराव उभे राहिले. हातातला रुमाल पिळून त्यांनी त्याची वात केली होती. ‘हे पुस्तक,’ ते म्हणाले, ‘ठेवण्यासारखं नाही. यातली माणसं फार हळू जगतात. कुणी कुणाला काही शिकवत नाही. एक बाई ‘आलेच’ म्हणून जाते, आणि पाचशे पानं आपल्याला दाराकडे बघत बसायला लावते. मी आठ महिने बसलोय. कामात लक्ष लागत नाही. गेल्या महिन्यात आवकच्या रजिस्टरात ‘प्रेषक’ या रकान्यात मी तिचंच नाव लिहिलं, मग खोडलं. घरी बायको जरा बाहेर गेली तरी जीव खाली-वर होतो. पुस्तकाने माणसाची अशी दशा करू नये. म्हणून ते टाकाऊ आहे.’ मनात त्यांनी घड्याळवाल्याची माफी मागितली.

सभागृह गंभीर झालं. इतकी कडक टीका तिथे कधी झालेली नव्हती. मग हेडक्लार्क म्हणाले की, त्यांनाही ते जरा पसरटच वाटलं होतं. स्टेनोबाईंना बहिणीचं पात्र पहिल्यापासूनच पटलेलं नव्हतं. दहा मिनिटांत सतराच्या सतरा वाचकांनी, आपण ते कसंबसं पुरं केल्याचं कबूल केलं. पुस्तक एकमताने निरुपयोगी ठरलं. कार्यालयाच्या वाचनातून एकोणीस किलो तीनशे ऐंशी ग्रॅम वजा करण्यात आले, मोहोर तोडण्यात आली, आणि परखड मत मांडल्याबद्दल आवकरावांना ‘सजग वाचक’ असं प्रमाणपत्र देण्यात आलं. ते त्यांनी आवक क्रमांक टाकून फाइल केलं.

रद्दी ही बाहेर जाणारी वस्तू असल्याने ती जावकताईंच्या टेबलावरून जायची होती. त्यांनी जावक क्रमांक घातला आणि पुस्तक शेजारच्या टेबलावर ठेवलं. उरलेली चाळीस पानं आवकरावांनी बारा दिवस पुरवली. तेराव्या दिवशी त्यांनी पुस्तक मिटलं आणि सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी ते खिडकीशीच बसून राहिले.

‘आली का हो?’ जावकताईंनी विचारलं.

आवकरावांनी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणाला तरी काहीतरी सांगायचं होतं.

‘थांबा,’ जावकताई म्हणाल्या. ‘सांगू नका. द्या इकडे.’

या देवघेवीची नोंदवहीत नोंद झाली नाही. सबब ती झाली असं म्हणता येणार नाही.

पुस्तकाचं नाव या हकिगतीत मुद्दामच दिलेलं नाही. तरीही आतापर्यंत ज्या तीस जणांना ती सांगितली, त्यांतल्या अकरा जणांनी ‘वाचलंय, वाचलंय’ म्हणून मान हलवली, आणि त्या अकरांतल्या चौघांच्या मते शेवट जरा घाईत उरकला आहे. नोंदवहीतल्या बाराव्या ओळीवर पेन्सिलीने तुमचं नाव घालून ठेवलं आहे. ‘हो’ छापलेलंच आहे. सही तेवढी करावी.