कुणाला न दिसणारं पिस्तूल

आमच्या भागात पिस्तूल बघायला फार लांब जावं लागत नाही. एखाद्या सत्काराला जा, पुढच्या सोफ्यावर बसलेल्यांच्या कमरेकडे नजर टाका, दिसेल! पण कुणालाही न दिसणारं पिस्तूल अख्ख्या चौसाळ्यात एकाच माणसाकडे होतं. तो माणूस म्हणजे मी!

मी राजेश्वर. हायवेला लागून माझं खत-बियाणांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. लोक मला अप्पा म्हणतात. आता तुम्ही विचाराल, खत विकणाऱ्याला पिस्तूल कशाला? बरोबर आहे. अर्जात मी 'रात्रीचा प्रवास, जिवाला धोका' वगैरे लिहिलं होतं. खरं कारण असं, की एका सत्काराला मला मंडपाच्या खांबाआड खुर्ची मिळाली आणि ज्याला मी चड्डीत असल्यापासून ओळखतो त्या पोराला सोफा मिळाला! त्याच्याकडे काय होतं? कमरेला पिस्तूल. बास. त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना.

परवान्यासाठी मी किती चपला झिजवल्या ते सांगत बसत नाही. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा बायकोला, म्हणजे मंजुळाला, सांगितलं की दुकानाच्या औषधाच्या परवान्याचं काम आहे. तिनं त्याला पोहे खाऊ घातले. शेवटी संभाजीनगरच्या दुकानात मी ते बघितलं. बत्तीस बोरचं, तळहातापेक्षा जरा मोठं, चपटं, काळंभोर. दुकानदार म्हणाला, "साहेब, हे खास लपवून बाळगायचं. पँटीच्या आतून लावा, वरून शर्ट सोडा. सख्ख्या बायकोलाही कळणार नाही."

मला तर तेच पाहिजे होतं! बायकोला कळू नये आणि गावाला कळावं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होणार, हा विचार मात्र दुकानदारानंही केला नाही आणि मीही केला नाही.

पहिल्याच दिवशी अडचण आली. मला पोट आहे. थोडंथोडकं नाही, चांगलं दोन पिढ्यांच्या खाण्यापिण्याचं आहे. त्याच्यात आणि पँटीत ते पिस्तूल बसवल्यावर मला मांडी घालता येईना. वाकता येईना. पाटावर बसलो की मूठ बरगडीत रुतायची. मी टेबलावर जेवू लागलो. शर्ट दोन नंबर मोठा घेतला. चालताना ते खाली सरकतंय असं वाटायचं, म्हणून उजवा हात कायम कमरेवर! आणि मधूनच बोचलं की तोंडातून "आई गं" निघायचं.

मला वाटलं, लोक हात बघतील आणि समजून जातील. चार माणसांत कुजबुज होईल, 'अप्पाकडं काहीतरी हाय बे!'

कुजबुज झाली. समोरच्या हॉटेलवाल्या आश्रुबानं चहा आणून ठेवला आणि तो माझ्या कमरेकडे बघत उभा राहिला. माझी छाती फुगली.

"अप्पा," तो हळूच म्हणाला, "लई दुखतंय का?"

"काय?"

"उजव्या अंगालाच हाय ना? मूतखडा! माझ्या मेव्हण्याला अस्संच व्हतं. त्यो बी असाच कंबर धरून चालायचा."

"तसं काही नाही आश्रुबा."

"त्यो बी असंच म्हणायचा!"

दुसऱ्या दिवशी आश्रुबानं पानफुटीचा पाला आणला. तो समोर उभा राहिला, म्हणून खावा लागला. त्यानंतर खत न्यायला येणारं प्रत्येक गिऱ्हाईक काहीतरी घेऊन येऊ लागलं. कुणी कुळीथ, कुणी मक्याचे केस, कुणी गोखरूचा काढा. खरं सांगून टाकायची मला फार ऊर्मी यायची. पण गिऱ्हाइकाला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत मंजुळाला कळणार, आणि मंजुळाला कळलं तर त्या परवान्याच्या पोह्यांपासून सगळा हिशेब होणार. मी गप्प बसून काढे प्यायलो.

यात एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. आमच्या शिवांजलीचं जमत आलं होतं. पोरगी बी.एस्सी. झालेली, शांत, घरात तिचा आवाज फारसा ऐकू यायचा नाही. आजवर आलेल्या प्रत्येक स्थळाला ती "तुमी म्हणाल तसं" म्हणायची. माजलगावचं हे एकच स्थळ असं होतं, की ती आपण होऊन म्हणाली होती, "पप्पा, हे बघा ना जमलं तर." मुलगा जनावरांचा डॉक्टर. वडील वैजनाथअप्पा भुसार व्यापारी, आई शिवगंगाबाई. आमच्यातलंच चांगलं घर. फक्त सुपारी फुटायची राहिली होती. पोरीनं आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं, आणि ते मला तिला द्यायचं होतं.

एका दुपारी मी दुकानात असताना मंजुळा रडत आली. मागे आश्रुबा जीप घेऊन उभा!

"आत्ताच्या आत्ता बीडला चला. सोनोग्राफी करायची."

"अगं, मला काही झालेलं नाही!"

"मग खाली बसून दाखवा! घाला मांडी!"

मला मांडी घालता आली नाही. दुकानातल्या चौघांनी मला उचलून जीपमध्ये घातलं. पिस्तूल कमरेलाच! दवाखान्यात नंबर लगेच लागला. आतल्या बाईंनी सांगितलं, "झोपा, शर्ट वर करा, पँट सैल करा."

"मला आधी लघवीला जायचंय."

"नाही नाही, ती लागलेलीच पाहिजे. शर्ट वर करा."

त्यांनीच शर्टाला हात घातला. मी टेबलावरून उडी मारली, मागच्या दारानं बाहेर पडलो आणि जी रिक्षा दिसली तिच्यात बसलो. माझ्या वयाचा आणि वजनाचा माणूस इतका पळू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

लोकांना मात्र वेगळंच कळलं. मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती की मशीनवर काहीतरी लई वंगाळ दिसलं, आणि अप्पाला ते सोसलं नाही म्हणून तो पळाला. कॅन्सर हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. पण त्या रात्री मंजुळानं माझ्या ताटात माझ्या आवडीचं सगळं वाढलं, आणि शिवांजली माझ्या खुर्चीजवळ उगाच उभी राहिली. "पप्पा, अजून एक पोळी घ्या ना," म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

आठवड्याच्या आत माजलगावचे पाहुणे आले. न कळवता, दोघंच. बैठकीत आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील रुद्रप्पा, लोडाला टेकून बसले होते. वैजनाथअप्पांनी चहाची बशी हातात धरली आणि छताकडे बघत विचारलं, "मग, तब्येतपाणी?"

"एकदम ठणठणीत!"

"अप्पा, आमच्यापासून लपवू नका," शिवगंगाबाई सावकाश बोलल्या. "आमच्या कानावर आलंय. लगीन म्हणलं की दोन्ही घरांनी मोकळं बोलावं. म्हणून आमी मुद्दाम आलोत. आमचं म्हणणं असं हाय की..."

झालं! मोडायला आलेत! दाराआड शिवांजली उभी होती, तिच्या बांगड्या मला दिसत होत्या. मी त्यांना पुढचं वाक्य बोलूच दिलं नाही. ताडकन उठलो.

"बाई, मला कसलाही आजार नाही! मूतखडा नाही, कॅन्सर नाही, काही नाही! हे बघा काय आहे ते!"

आणि मी शर्ट वर करून पिस्तूल काढलं. तळहातावर घेऊन सगळ्यांना नीट दिसेल असं धरलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ते कुणीतरी बघत होतं!

वैजनाथअप्पांची बशी कलंडली, चहा धोतरावर सांडला, त्यांनी पुसलाही नाही. कोपऱ्यात उभी असलेली मंजुळा मटकन खाली बसली. मी घाईघाईनं म्हणालो, "भिऊ नका, रिकामं आहे."

"त्यो बी रिकामंच म्हणला व्हता," शिवगंगाबाई म्हणाल्या.

"कोण?"

"माझ्या चुलत्याचा पोरगा. माझ्या धाकट्या भावाच्या वरातीत. कुणाला मारायला काढलं न्हवतं त्यानं अप्पा. दाखवायला काढलं व्हतं."

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला. आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"नवरदेव घोड्यावर व्हता आमचा. बाशिंग सुदीक सोडलं न्हवतं."

माझ्या हातातली ती वस्तू एकदम जड झाली. कुठं ठेवावी कळेना. खिशात घालवेना, टेबलावर ठेववेना.

दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "आमी काय सांगाया आलतो ते तरी ऐकून घ्या. पोरीच्या बापाला आजार हाय म्हणल्यावर लगीन लवकर उरकावं, म्हणजे त्याला डोळ्यांनी बघता यील. आन पोरीला पायजे तवा म्हयनाभर माहेरी ऱ्हाऊ द्यावं. एवढंच बोलाया आलतो. आजार असता तर आमी पोरगी नेली असती अप्पा. आजार कुणालाबी व्हतो. हे तर तुमी हौसेनं आणलंय."

गाडी निघून गेल्यावर शिवांजली पुढे आली. मला वाटलं, रडेल, भांडेल. तिनं फक्त विचारलं, "पप्पा, मग तुमाला खरंच काही झालं न्हाई ना?"

"नाही गं."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि आत गेली. पोरगी मनापासून म्हणाली होती. मला त्याचंच जास्त लागलं.

अण्णांनी लोडावरून मान वळवली. सदऱ्याच्या आत गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर हात ठेवून म्हणाले, "अंगावर हे असताना त्ये कावून लागलं रे तुला?"

सकाळी मी ठाण्यात जाऊन पिस्तूल जमा केलं आणि परवाना रद्द करा असा अर्ज दिला. हवालदारानं दोनदा विचारलं, "अप्पा, रद्द? लोक हितं मिळावा म्हणून येतात!" तिथून थेट माजलगाव. शिवगंगाबाईंनी मला चहा दिला. पुन्हा गेलो, पुन्हा चहा. मी माफी मागत होतो आणि त्या साखर विचारत होत्या. तिसऱ्या खेपेला मी खाली सतरंजीवर मांडी घालून बसलो. त्यांनी माझ्या मांडीकडे बराच वेळ बघितलं. मग आत हाक मारली, "अवो, कॅलेंडर आणा."

चौसाळ्यात तोवर सगळ्यांना माहीत झालं होतं, की अप्पाला कॅन्सर नव्हता, खडाच होता, आणि तो आश्रुबाच्या पाल्यानं विरघळला. आश्रुबाकडे लांबलांबून पेशंट येऊ लागले.

लग्न झालं. वरात न काढता झालं, कुणी फटाकासुद्धा उडवला नाही. व्याहीभेटीला मला पहिल्या रांगेतून, चक्क सोफ्यावरून, पुढे बोलावलं. सगळा मांडव बघत होता. वैजनाथअप्पांनी हार घातला, मला कवेत घेतलं, आणि मग त्यांचे दोन्ही हात माझ्या कमरेवरून फिरू लागले. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पाठीमागे. चांगलं दाबून, पोतं तपासल्यासारखं! मी हात वर करून उभा. मग बायकांच्या बाजूला तोंड करून त्यांनी शिवगंगाबाईंना ओरडून सांगितलं,

"काय न्हाई गं! समदं पोटच हाय!"

मांडव हसला. मुंडावळ्या बांधलेली माझी पोरगी खाली मान घालून इतकी हसली, इतकी हसली, की तिला ठसका लागला. मी हात खाली घेतले नाहीत. म्हटलं, व्याह्यांना अजून एकदा तपासायचं असेल तर तपासू द्यावं.