एका बाहीवरचं शुल्क

सासूबाईंचं पार्सल आपल्याच टेबलावर येईल, असं तपासनिसाला कधी वाटलं नव्हतं. सीमाशुल्क कार्यालयात विणलेल्या कपड्यांचं काम त्याच्याकडे होतं. परदेशातून आलेला कपडा मागावरचा की सुयांवरचा, पुरुषाचा की बाईचा, आणि त्यावर शुल्क किती, हे तो ठरवायचा. बटणांची बाजू पाहून तो कपड्याची जात सांगायचा आणि जेवताना ते सगळं घरच्यांना ऐकवायचा. सासूबाई राहायला आल्या होत्या तेव्हा त्यांनीही ते मन लावून ऐकलं होतं. परदेशात मुलाकडे राहणाऱ्या या सासूबाईंनी आता मुलीच्या नावानं पार्सल पाठवलं होतं आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘हाताने विणलेली वस्तू. दोन देशांतल्या करारानुसार शुल्कमाफी मिळावी.’

नात्यातलं पार्सल स्वतः तपासायचं नाही असा नियम होता. तपासनिसानं ते शेजारच्या टेबलावर सरकवलं. तिथल्या बाईंना सगळं कार्यालय ‘कलमबाई’ म्हणायचं, कारण पंखा बंद करायचा झाला तरी त्या कुठल्या कलमाखाली ते बघत.

कलमबाईंनी दोरी सोडली आणि आतली वस्तू टेबलावर पसरली. राखाडी लोकरीची, जाड विणीची ती वस्तू मध्ये रुंद होती, वर एक भोक होतं, एका अंगाला लांबलचक नळी लोंबत होती आणि दुसऱ्या अंगाला नुसतंच छिद्र.

“हे काय आहे?” कलमबाईंनी विचारलं.

तपासनिसानं वस्तू दोन्ही बाजूंनी उलटून पाहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला कपड्याची जात सांगता येईना.

“मोठ्या किटलीचं आवरण असेल,” कलमबाई म्हणाल्या. “नळीतून किटलीची तोटी बाहेर येते.”

“एवढी मोठी किटली आमच्याकडे नाही.”

“कुत्रा आहे?”

“नाही.”

“कारण कुत्र्याचा असेल तर हा कपडाच धरता येत नाही. तो खोगिरांच्या गटात जातो.”

एवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी नळीत हात घालून पाहिला, काढला, आणि म्हणाले, “नात्यातलं पार्सल आहे ना? मग अगदी काटेकोर करा. उद्या कुणी बोट दाखवायला नको. पाठवणाऱ्यांना विचारून घ्या.”

तपासनिसानं आधी बायकोला फोन लावला.

“आईला विचारू की हे काय विणलंयस?” बायको म्हणाली. “ती वर्षभर बोलणार नाही माझ्याशी. तूच विचार, तुझं कामच आहे ते. पार्सल घ्यायला मी येतेच आहे.”

मग त्यानं सासूबाईंना फोन लावला. कलमबाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवायला लावला.

“आई, पार्सल मिळालं. फार छान आहे.”

“घालून बघितलंत?”

घालायचं आहे हे कळल्यामुळे त्याला हायसं वाटलं. कलमबाईंनी किटली खोडली.

“अजून नाही. म्हणजे, घालताना सुरुवात कुठून करायची?”

“डोक्यातून, जावईबुवा. स्वेटर कुठून घालतात?” मग सासूबाईंच्या लक्षात आलं. “बाहीचं म्हणताय होय? अहो, लोकर संपली. एकच बाही झाली.”

मोठ्या साहेबांनी मान हलवली. “अपुरा असला तरी ओळखता येतो ना, मग स्वेटरच धरा. पुरुषाचा.”

“आता लोकर कुठली ते विचारा,” कलमबाई म्हणाल्या. “करारात सूत कातण्यापासून विणण्यापर्यंत सगळं त्याच देशात झालेलं लागतं.”

“आई, लोकर तिकडचीच ना?”

“छे. तुमचीच.” सासूबाईंचा आवाज एकदम मऊ झाला. “मागच्या थंडीत पोरीनं स्वतःच्या हातानं माझ्यासाठी स्वेटर विणून पाठवला होता बघा. मला तो काखेत काचायचा. तिच्या हातचं कपाटात ठेवून द्यायचा जीव होईना. मग उसवला आणि तुमच्यासाठी विणला. तिला यातलं काही सांगू नका हं, मनाला लागेल तिच्या. फक्त म्हणावं, तशीच लोकर घेऊन दुसरी बाही तू विण. दोघींच्या हातचा होईल.”

फोन ठेवला तेव्हा मोठे साहेब खिडकीबाहेर बघत होते.

“सवलत नाकारावी लागेल,” कलमबाई हळूच म्हणाल्या. “सूत तिकडचं नाही.”

“नाकारा. शुल्क भरतो मी.”

“कारण लिहावं लागेल. ‘पार्सल घेणाऱ्या व्यक्तीने विणलेला स्वेटर उसवून सूत मिळवले आहे.’ आणि याची प्रत पार्सल घेणाऱ्या व्यक्तीला जाते.”

“नुसतं ‘नाकारली’ लिहिलं तर?”

“कारणाशिवाय नकार देता येत नाही. त्याला कलम आहे.”

आपल्या हातचा स्वेटर आईनं उसवला हे बायकोला सरकारी कागदावर वाचायला मिळणार होतं, आणि खाली शिक्काही असणार होता. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असं तपासनिसाला वाटलं. बायको आली तेव्हा त्यानं तिला जिन्याजवळच गाठलं, बाकावर बसवलं आणि आईला काचत होता इथपासून सुरुवात करून सगळं सांगितलं. डोळ्यांत पाणी येईल म्हणून रुमालही काढून ठेवला.

बायकोनं रुमालाकडे पाहिलंसुद्धा नाही. “सगळा उसवला?”

“सगळा.”

“उसवताना आत काही सापडलं म्हणाली का? शिवलेल्या पट्टीचा तुकडा वगैरे?”

“कसली पट्टी?”

बायकोनं आजूबाजूला पाहिलं. “विकतचा होता तो. मी विणायला घेतला होता, पण पाठीचा भाग रुमालाएवढा झाल्यावर सोडून दिला. तोवर आईला सांगून बसले होते. मग बाजारातून घेतला आणि आतली कंपनीच्या नावाची पट्टी कापून टाकली.”

तपासनीस आपल्याच घरात विणकामाच्या सुया वाजताना कधी ऐकल्या का, ते आठवू लागला. मागून कलमबाई केव्हा आल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

“पट्टीवर कुठला देश होता?” त्यांनी विचारलं.

“दादा राहतो तोच. म्हणून तर कापली. आईला तिथल्या दुकानात तसाच दिसला असता तर?”

कलमबाईंचा चेहरा उजळला. “म्हणजे सूत तिकडचं, विणही तिकडची. पूर्ण सवलत बसते. तुम्ही फक्त जबाब लिहून द्या, की स्वेटर मी विणला नव्हता, विकत घेतला होता.”

“त्याची प्रत कुणाला जाते?”

“पाठवणाऱ्यांना.”

बायकोनं पर्स उघडली. “मी शुल्क भरते.”

“पण तुम्हाला माफी मिळते आहे.”

“मला नको आहे.”

माफी मिळत असताना शुल्क भरायचा हट्ट धरणारं माणूस कलमबाईंनी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. शेवटी मोठ्या साहेबांनी तोडगा काढला, की माफीची मागणीच मागे घ्यायची. मागे घेतलेल्या मागणीला कारण लागत नाही. बायकोनं तिथेच सही केली, शुल्क भरलं आणि एका बाहीचा स्वेटर पिशवीत घालून घरी नेला.

उरली दुसरी बाही. बाजारातल्या त्याच दुकानात तसाच स्वेटर मिळाला. तो उसवणं बायकोला छान जमलं. विणणं जमेना. चार बोटं विणून झाली की बाही आपोआप निमुळती व्हायची आणि शेवटी त्यातून मनगटसुद्धा जाईना. इतकी वर्षं भिंगातून टाके बघणाऱ्या तपासनिसाला ते पाहवेना. “टाका सुटतोय तुझा, आण इकडे,” म्हणून त्यानं सुया हातात घेतल्या त्या घेतल्याच. अडलं की तो जेवणाच्या सुट्टीत कलमबाईंना विचारायचा. मोठे साहेब जवळून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचे.

बाही पुरी झाली त्या रविवारी त्यानं स्वेटर घातला आणि दोघं फोनसमोर बसली. पडद्यावर सासूबाईंनी चष्मा लावला.

“डावी बाही जवळ आणा बघू. अजून जवळ.” त्या बराच वेळ बघत राहिल्या. “जावईबुवा, तुम्हाला नाही कळायचं यातलं, पण पोरीची वीण मी हजारात ओळखेन. माझ्यापेक्षा सफाईदार आहे.”

“पुरे गं, आई,” बायको म्हणाली.

“पुरे काय? मला आता पुरा स्वेटर पाहिजे. या वेळी काखेत सैल, आणि पुढे वेलबुट्टी कर. घे, मापं लिहून घे.”

बायकोनं मापं नीट लिहून घेतली आणि पडद्यावर दिसणार नाही अशा बेतानं कागद नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.