मथुराबाईंचें नाक आणि दुकानीं चित्रें चढविल्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याचे नासिकेचा अंत लागत नाहीं त्यासी दंडवत घालून, नथांचे दौलतीवर जो प्रसंग गुदरला तो जैसा जाहला तैसा लिहिला असे. शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्यांत, दिवाळीचे तोंडावर, रंगनाथपंत नथवाले आपले राज्यीं सुखरूप होते. राज्य म्हणजे दोन खोल्या, एक तराजू आणि मोत्यांच्या बरण्या. पंतांची कन्या केतकी दौलतीची कारभारीण. तिणें थोर ऑनलाइन दुकानीं नथा मांडाव्या ऐसा मनसुबा केला, आणि नथा डब्यांत घालून त्या दुकानाचे गोदामीं रवाना केल्या, आणि मागें राहिलें तें फोटो चढविणें. तेथें माणसानें पायीं जावें ऐसी वाट नाहीं. एपीआय नामें दरवाजा आहे, तेथें संगणकाकरवीं अर्जी करावी, अर्जीस परवाना जोडावा आणि फोटो आंत सोडावे. दरवान दृष्टीस पडत नाहीं, चहा घेत नाहीं, ओळख ठेवीत नाहीं.

आतां फोटोंची कथा. नथ दाखवावयास नाक पाहिजे, आणि मॉडेल आणावयास खजिना पाहिजे. तो नव्हता. सबब नथा रवाना होण्यापूर्वीं केतकीनें पंतांची वडील बहीण मथुराबाई यांस गळ घातली. बाईंचें नाक सरळ, तरतरीत, परंतु यजमान निवर्तल्यापासून त्या नाकीं नथ चढली नव्हती. पुष्कळ नाहीं नाहीं म्हणोन बाई बोलिल्या, "घालते. पण नाकापुरताच फोटो पाठवायचा. तोंड दिसलं तर सासरची माणसं काय म्हणतील? शब्द दे." केतकीनें शब्द दिला. मग बाईंनीं डोळे मिटून पहिली नथ घातली, आणि दुसरीस डोळे उघडले, आणि पुढें तर आरसाच मागविला.

मग कारभारिणीनें फोटोंतील नाकें तेवढीं कातरून दरवाजीं पाठविलीं, आणि दरवानानें एकूण एक परत लोटून जाब दिला कीं, चित्र लहान, हजार ठिपके रुंद नसेल तें घेणें नाहीं. मग तिणें तींच ओढून मोठीं केलीं, आणि दरवान राजी जाहला, परंतु दुकानीं पाहतां पंत कपाळास हात लावून म्हणाले, "अगं, ही नथ आहे की जांभळं?" मूळचे फोटो मात्र मोठे आणि लख्ख, आणि त्यांत मथुराबाईंचें सगळें तोंड. दिवाळीचा सेल उदयीक लागणार, चित्र नाहीं तर विक्री नाहीं, आणि वर्षाची मेहनत गोदामींच्या डब्यांत अडकलेली, सबब नवे फोटो काढावयास घरीं नथ नाहीं. पंत हळूच बोलिले, "मूळचेच सोड. तिला कुठे कळणार आहे?" केतकीचें बोट पाठवावयाचे कळीवर गेलें आणि मागें आलें. ज्या आत्यानें ल्हानाची मोठी केली तिला फसवून दिवाळी गोड लागती ना.

मग संगणक काखोटीस मारून ती स्वयंपाकघरीं गेली आणि म्हणाली, "आत्या, नुसतं नाक ते घेत नाहीत, आणि ओढून मोठं केलं तर नथ पुसट दिसते. सगळा चेहरा द्यावा लागेल. तू नको म्हणालीस तर नाही पाठवणार. बाबांना मी बघते." मथुराबाईंनीं भाजणीचे हात पदरास पुसले आणि म्हणाल्या, "दाखव तरी." आणि एक एक फोटो पाहों लागल्या. मग म्हणाल्या, "हसतेय की गं मी," आणि डोळ्यांस पाणी आलें. "हे गेल्यावर मला असं कुणी बघितलंच नाही. मीसुद्धा नाही."

"मग काय करू?"

"पाठव. आणि सासरच्यांना म्हणावं, बघायचंय तर एकेक नथ घ्या विकत."

चित्रें आंत गेलीं. दरवानानें इतकेंच विचारिलें कीं, ज्यांस डोळ्यांनीं दिसत नाहीं त्यांस वाचून दाखवावयाचें, सबब चित्रांत काय आहे तें लिहा. केतकीनें लिहिलें, मोत्यांची नथ. बाई खांद्यावरून वाचीत होत्या. म्हणाल्या, "एवढंच? मी नाही का त्यात? माझं नाव घाल."

येणेंप्रमाणें मथुराबाई नांवानिशीं दुकानीं चढल्या आणि दौलत तरली. घरीं नथ एकही उरली नव्हती, सबब पंतांनीं दुसरे दिवशीं खालीं मान घालून बहिणीकरितां एक गुंफिली. ती विक्रीस नाहीं. हकीकत पुरी जाहली.